पीटर सशाची गोष्ट व आमची लेकरे

वाचनपाठ : लूक १५:११-३२, लूक २:४१-५२



गेल्या महिन्यातील एका रविवारी उपासनेपूर्वी आमच्या मंडळीच्या शाब्बाथ शाळेत लहान वर्गाच्या बाईंनी मुलांस एक चिमुकले चित्रांचे पुस्तक दाखवून त्यातील गोष्ट सांगितली. गोष्ट सशाच्या एका खोडकर पोराची. मुले सतरंजीवर दाटीने बसली होती व चित्र दिसावे म्हणून एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढीत होती. मीही मागे भिंतीस टेकून ऐकत होतो. गोष्ट संपली, बाईंनी पुस्तक मिटले, तोच पुढे बसलेल्या सहासात वर्षांच्या एका मुलीने विचारले, "बाई, मग त्याच्या आईने त्याला मारले का?" बाई म्हणाल्या, "नाही, मारले नाही." त्यावर ती पोर म्हणाली, "मग काय केले?"

हा दुसरा प्रश्न मी घरी घेऊन आलो. त्या दिवशी मी जो उपदेश तयार करून नेला होता, त्याचा मुद्दा मला आज आठवत नाही. पण त्या मुलीचा प्रश्न आठवतो. तिच्या बोलण्यात खोडी नव्हती. चुकलेले लेकरू घरी आले म्हणजे मारावे, ह्याखेरीज त्याचे आणखी काही करता येते हे तिला ठाऊकच नव्हते, आणि ती आमच्याच मंडळीतील मुलगी आहे.

कोणी म्हणेल, उपदेशकाने पवित्र शास्त्र सोडून सशाची गोष्ट का सांगावी? बंधूंनो, आमचा प्रभू स्वतः चिमण्यांविषयी बोलला, पिलांस पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीविषयी बोलला, कोल्ह्यांच्या बिळांविषयी बोलला. शलमोनाने आळशी मनुष्यास मुंगीकडे पाठविले. तेव्हा आपण थोडा वेळ सशाकडे गेलो तर त्यात शास्त्राचा अपमान होणार नाही.

हे पुस्तक इंग्लंडातील बिॲट्रिक्स पॉटर ह्या बाईंचे. त्यांचा जन्म १८६६ साली लंडन शहरात झाला. ज्या शिक्षिका त्यांस घरी शिकवीत, त्यांपैकी एकीचा नोएल नावाचा मुलगा पाच वर्षांचा असता आजारी पडला. पॉटरबाई त्या वेळी स्कॉटलंडातील डंकेल्ड गावी होत्या. ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांनी त्या मुलास पत्र लिहावयास घेतले. काय लिहावे ते सुचेना, म्हणून चार सशांची गोष्ट लिहिली व शब्दांच्या मध्ये शाईने चित्रे काढली. मुलाने ते पत्र जपून ठेविले होते, म्हणून पुढे पुस्तक करण्याचे मनात आले तेव्हा बाईंस ते परत मागून घेता आले. प्रकाशक मिळेनात, तेव्हा १९०१ च्या डिसेंबरात त्यांनी स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापविल्या. १९०२ साली फ्रेडरिक वॉर्न ह्या प्रकाशकांनी रंगीत चित्रांसह ते पुस्तक काढिले, आणि तेव्हापासून ते जगभर वाचले जात आहे. पुस्तक लहान मुलांच्या हातांत मावेल एवढेच असावे असा बाईंचा आग्रह होता. प्रथम ते अंथरुणास खिळलेल्या एका लेकरासाठी लिहिले गेले, हे वाचताना विसरू नये.

आता गोष्ट ऐका. फरच्या एका मोठ्या झाडाच्या मुळाखाली एक सशीण आपल्या चार पिलांसह राहत असे. फ्लॉप्सी, मॉप्सी व कॉटनटेल ह्या तिघी आणि चौथा पीटर. (आपल्या शास्त्रात ज्यास पेत्र म्हटले आहे तेच हे नाव, परंतु बाईंनी प्रेषिताची आठवण करून ते ठेविले असे समजू नये, त्यांच्या पाळलेल्या सशाचेच नाव पीटर होते.) एके दिवशी सकाळी आई पिलांस म्हणते की, तुम्ही शेतात जा, गल्लीत खेळा, पण मॅक्ग्रेगर नावाच्या मनुष्याच्या मळ्यात जाऊ नका, तुमच्या बापावर तेथेच प्रसंग ओढवला आणि मॅक्ग्रेगरच्या बायकोने त्याला कणकेत घालून भाजले.

येथे थोडे थांबू. ह्या आईचे बोलणे आम्ही आईबापांनी पाठ करावे असे आहे. प्रथम ती काय मोकळे आहे ते सांगते, मग काय मना आहे ते सांगते, आणि शेवटी का मना आहे ते सांगते. एदेन बागेतही असाच क्रम होता. देवाने आदामास अगोदर सर्व झाडांची फळे मोकळी करून दिली, मग एक झाड वर्ज्य केले, आणि खाल्ल्यास काय होईल तेही सांगितले. आमच्या घरांत बहुधा उलट चालते. 'तिकडे जाऊ नको, हे करू नको, त्याच्याशी बोलू नको' एवढे लेकरू दिवसभर ऐकते. जावे कोठे हे त्यास कोणी सांगत नाही, व का जाऊ नये हे विचारले तर उलट उत्तर दिल्याबद्दल एक चापट मिळते. दारूच्या गुत्त्याकडे जाऊ नको असे बाप मुलास सांगतो. पण तुझ्या आजाची जमीन त्याच गुत्त्यात गेली, हे लाजेने सांगत नाही. सशिणीने नवऱ्याचे मरण मुलांपासून लपविले नाही. ते कसे झाले ते साध्या शब्दांत सांगितले, आणि मग कोट घालून, गळ्याशी बटण लावून, पोरास बाहेर जाऊ दिले. दाराला कडी घातली नाही.

ते सांगून ती टोपली व छत्री घेऊन रानातून पाववाल्याकडे गेली. तिने एक मोठा पाव व मनुका घातलेले पाच गोड पाव विकत घेतले. घरात आई धरून माणसे पाच. म्हणजे ज्या वेळी पीटर आईची आज्ञा मोडून मळ्याच्या फाटकाखालून अंग चोरून आत शिरत होता, त्या वेळी आई त्याच्या वाट्याचा गोड पाव टोपलीत ठेवीत होती. पुस्तकात ह्याविषयी एक अक्षरही अधिक लिहिलेले नाही. मी पहिल्या वेळी ऐकताना पाच हा आकडा माझ्या कानावरून गेला. दुसऱ्या वेळी बाईंकडून पुस्तक मागून स्वतः वाचले तेव्हा तो दिसला.

तिघी बहिणी गल्लीत जाऊन, आपल्याकडे मुले करवंदे वेचतात तशी, रानातली काळी फळे वेचू लागल्या. पीटर मळ्यात गेला. त्याने सालीटची पाने खाल्ली, श्रावणघेवडा खाल्ला, मुळे खाल्ले, आणि पोट बिघडले तेव्हा औषध म्हणून पार्सलीचा पाला शोधीत निघाला. पाहा, मळ्याचा धनी त्यास अजून दिसलेलाही नाही, आणि शिक्षा पोटात सुरू झाली. मग काकडीच्या वाफ्याच्या टोकाला वळतो तो समोर मॅक्ग्रेगर कोबीची रोपे लावीत बसलेला! तो दाताळे उगारून, चोर चोर म्हणून मागे लागला. पीटर घाबरून बाहेर पडण्याची वाट विसरला. एक बूट कोबीत पडला, दुसरा बटाट्यांत पडला. बूट गेल्यावर तो चार पायांवर पळू लागला व त्याचा वेग वाढला, आणि बहुधा तो सुटलाही असता. परंतु झुडपांवर टाकलेल्या जाळ्यात तो शिरला, आणि त्याच्या नव्या निळ्या कोटाची मोठाली पितळी बटणे त्या जाळ्यात अडकली.

ह्यावर उपदेशकाने बटणांच्या थाटाविषयी व गर्वाविषयी बोलावे असा मोह होतो. मी तो मोह सोडून देतो, कारण तो कोट पोराने हौसेने मागितला नव्हता, आईने घातला होता. आईने प्रेमाने दिलेली वस्तूही संकटात गळफास होते, असे पुष्कळदा घडते. बापाने पोट मारून शिकविले, आणि ते शिक्षणच मुलास बापाच्या गावी परत येण्याची लाज वाटावयास लावते. हे आपण पाहिले नाही काय? पीटर जाळ्यात पडला, सुटण्याची आशा सोडून मोठ्याने रडू लागला, तेव्हा काही चिमण्या त्याचे हुंदके ऐकून उडत आल्या व जोर कर, जोर कर, म्हणून त्याची विनवणी करू लागल्या. चिमण्यांस जाळे तोडता येत नव्हते. पण तेवढ्या आर्जवाने त्याच्या अंगी बळ आले. मॅक्ग्रेगर वरून चाळण टाकणार तोच तो कोटातून अंग काढून निसटला, आणि कोट जाळ्यात राहिला.

पुढे तो अवजारांच्या खोपीत शिरून एका झारीत लपला. झारीत पाणी होते, म्हणून शिंक आली व पुन्हा पाठलाग झाला. खिडकीतून उडी टाकून तो कसाबसा निसटला. मॅक्ग्रेगर कंटाळून कामाला परत गेला. आता कोणी मागे नाही. पण पीटर ओला, थरथरणारा, आणि वाट ठाऊक नाही. भिंतीत एक दार दिसले, त्याला कुलूप. दाराखालून जावे तर तेवढी फट नाही. एक म्हातारी उंदरीण दाराच्या दगडी उंबऱ्यावरून आतबाहेर करीत रानातल्या आपल्या कुटुंबासाठी वाटाणे व घेवडा नेत होती. पीटरने तिला फाटकाची वाट विचारली. तिच्या तोंडात एवढा मोठा वाटाणा होता की, तिला बोलताच येईना; तिने नुसती मान हलविली. पीटर रडू लागला. त्या पानावरचे चित्र मी फार वेळ पाहत बसलो. बंद दाराला टेकून ते पोर उभे आहे.

माझ्या सहउपदेशक बंधूंनो, ही उंदरीण काही दुष्ट नव्हे. ती कष्टाळू आहे, आपल्या घरच्यांसाठी राबते आहे, तिने पीटरवर दात खाल्ले नाहीत. तिला वाटही ठाऊक असावी. केवळ तिचे तोंड भरलेले होते. शनिवारी संध्याकाळी एखादा तरुण दाराशी येऊन घुटमळतो आणि आपण म्हणतो, "आता उपदेश लिहितो आहे, मग ये." वर्गणीची यादी, दुरुस्तीचा हिशोब, जिल्ह्याच्या सभेची तयारी, हे सर्व मंडळीच्याच कामाचे वाटाणे आहेत. पण ते तोंडात असता वाट सांगता येत नाही.

आता ज्यासाठी ही गोष्ट मी आपणांपुढे मांडिली ती जागा येते. पीटर एका तळ्याशी आला. तेथे एक पांढरी मांजर पाण्यातील सोनेरी माशांकडे टक लावून बसली होती. तिच्याशी न बोलता तो निघून गेला, कारण मांजरांविषयी त्याने आपल्या चुलतभावाकडून ऐकले होते. आजच्या दिवसात ऐकलेली गोष्ट त्याने प्रथमच येथे मानिली. मग कुदळीचा आवाज आला म्हणून तो एका एकचाकी हातगाडीवर चढला आणि डोकावून पाहू लागला. मॅक्ग्रेगर पाठमोरा होऊन कांद्यांत खुरपणी करीत होता, आणि त्याच्या पलीकडे फाटक दिसत होते.

सकाळपासून पीटर नुसता पळत होता. प्रथम खाण्यामागे पळाला, मग भयाने पळाला. येथे तो उंचावर चढून उभा राहिला, शत्रू कोठे आहे ते पाहिले, घराची वाट कोठून आहे ते पाहिले, आणि मग पळाला. पोर मोठे होते ते ह्या जागी. वय वाढले म्हणजे मनुष्य मोठा होतो असे आपण समजतो, मिशी फुटली की लग्नाचे पाहतो. पण पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आपल्या मोठेपणाविषयी लिहितो तेव्हा तो बोलणे, समजणे व विचार करणे ह्यांविषयी लिहितो, उंचीविषयी लिहीत नाही. प्रभूच्या दाखल्यातील धाकटा पुत्र दूर देशी पैसे उधळीत असता वयाने मोठाच होता. तो डुकरांत बसून शुद्धीवर आला, बापाचे घर कोठे आहे व आपण कोठे आहोत हे त्याने पाहिले, आणि उठला. त्याची हातगाडी ती.

आणि ध्यानात घ्या की, त्या जागी आई नव्हती, चिमण्या नव्हत्या, उंदरीण नव्हती. लेकरास तेथे एकट्यानेच चढावे लागते. आपण त्याच्या ऐवजी चढू शकत नाही. आईने सकाळी सांगितलेले शब्द मात्र त्याच्याबरोबर असतात.

पीटर जीव घेऊन पळाला, फाटकाखालून निघाला, आणि फरच्या झाडाखालील घर येईपर्यंत त्याने मागे पाहिले नाही. त्याचा कोट व बूट मॅक्ग्रेगरने काळ्या पाखरांस भिवविण्यासाठी बुजगावण्याला घातले. पीटर इतका थकला होता की, बिळातल्या मऊ वाळूवर पडून त्याने डोळे मिटले. आई स्वयंपाक करीत होती. कपडे कोठे गेले असावे असे तिच्या मनात आले. पंधरा दिवसांत पोराने हरविलेला हा दुसरा कोट व बुटांचा दुसरा जोड. ह्या विधवेचे घर कसे चालते ते बाईंनी पुढच्या पुस्तकात सांगितले आहे. ती हातमोजे विणून व झाडपाला विकून पोट भरीत असे. तिला तो कोट हलका नव्हता.

मग तिने काय केले? आमच्या त्या मुलीचा प्रश्न. तिने स्वयंपाक चालू ठेविला. पडलेल्या पोरास पडू दिले. संध्याकाळी त्यास बरे नाही असे पाहून अंथरुणात निजविले, कॅमोमाइल नावाच्या फुलांचा काढा केला, आणि निजताना घ्यावयाचा म्हणून एक मोठा चमचा त्यास दिला. फ्लॉप्सी, मॉप्सी व कॉटनटेल ह्यांस रात्री पाव, दूध व वेचून आणलेली काळी फळे मिळाली. गोष्ट येथे संपते.

कित्येकांस वाटेल की, ही आई फार मऊ आहे. मला तसे वाटत नाही. तिने त्या रात्री पीटरला फळे दिली नाहीत. जे पोट दिवसभर चोरीच्या भाजीने भरले त्यास काढाच योग्य होता, आणि तो तिने दिला. पण तो रागाने दिला नाही, औषध म्हणून दिला. आणि ज्या मुली सांगितल्याप्रमाणे वागल्या त्यांच्या ताटातील घास काढून तिने चुकलेल्यापुढे ठेविला नाही. दाखल्यातील थोरला पुत्र अंगणात रुसून बसतो, तेव्हा बापही त्यास हेच सांगतो की, माझे जे आहे ते तुझेच आहे. आज्ञाधारक मुलाचे काही कमी न करता चुकलेल्यास घरात घेता येते; आम्ही मात्र मंडळीच्या सभांत असे बोलतो, की एकास क्षमा केली तर दुसऱ्यांवर अन्याय होईल.

प्रभू येशूही बारा वर्षांचा असता आईबापांस न सांगता यरुशलेमेत मागे राहिला हे लूकने लिहिले आहे. त्यात पाप नव्हते. पण मरीयेला तीन दिवस शोध करावा लागला, आणि सापडल्यावर तिने आपले दुःख सांगून एक प्रश्न विचारला. उत्तर तिला पुरते समजले नाही. तरी तिने ते मनात ठेविले, व मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथास गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. तो ज्ञानाने व शरीराने वाढत गेला असे लूक तेथेच लिहितो. मुलाचे उत्तर न समजताही आई त्यास वाढू देते, ही गोष्ट लहान नव्हे.

हे मी म्हणतो ह्यास पॉटरबाईंचे स्वतःचे चरित्र साक्ष आहे. त्यांचे आईबाप सधन होते व मुलीस जपून ठेवीत. ती शाळेत गेली नाही. वयाच्या तिशीपर्यंत बाईंनी रोजनिशी लिहिली ती स्वतः रचलेल्या गुप्त लिपीत. १९५८ साली एका अभ्यासकाने ती उलगडीपर्यंत कोणास ती वाचता आली नव्हती. १९०५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या पुस्तकांचे काम पाहणाऱ्या नॉर्मन वॉर्न ह्यांच्याशी त्यांचे लग्न ठरले. धंदा करणारा मनुष्य आपल्या तोलाचा नव्हे म्हणून आईबापांचा विरोध होता. आणि महिनाभरातच वॉर्न आजाराने वारले. त्याच वर्षी बाईंनी उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात एक शेत घेतले. १९१३ साली त्यांनी विल्यम हीलिस ह्या तिकडच्या वकिलाशी लग्न केले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते, आणि तेव्हाही घरचा विरोध होताच. पुढील तीस वर्षे त्या शेतकरीण म्हणून राहिल्या, मेंढ्या पाळल्या, आणि १९४३ साली वारल्या तेव्हा चार हजार एकरांहून अधिक जमीन लोकांसाठी जतन व्हावी म्हणून नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेस देऊन गेल्या. ज्या लेकीच्या आयुष्याच्या फाटकाला इतकी वर्षे कडी होती, तिने सशाच्या आईच्या हातून मात्र दार उघडे ठेवविले. आमच्या ज्या घरांत मुलगी सासरी जाईपर्यंत व मुलगा बाप मरेपर्यंत लहानच राहतो, त्या घरांनी ह्याचा विचार करावा.

आता छडीविषयी. नीतिसूत्रांच्या तेराव्या अध्यायातील छडीचे वचन आम्हांस सर्वांस पाठ आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात बापांस जी आज्ञा आहे, मुलांस चिडवू नका अशा अर्थाची, ती तेवढी पाठ नाही. छडी पॉटरबाईंच्या पुस्तकांतही आहे. १९०४ साली त्यांनी पीटरच्या चुलतभावाची, बेंजामिनची, गोष्ट काढिली. त्यात बेंजामिन पीटरला घेऊन बुजगावण्यावरचे कपडे आणावयास पुन्हा त्याच मळ्यात जातो. बेंजामिन निर्धास्त सालीट खातो. पीटरला खाववत नाही, रुमालात बांधलेले कांदे त्याच्या हातून गळतात, घरी जाऊ या असे त्यास वाटते. एक दिवस आधी हातगाडीवर जे दिसले ते त्याच्या अंगात मुरले आहे. मग मांजर येऊन त्यांच्यावर पालथ्या टोपलीवर पाच तास बसून राहते. शेवटी बेंजामिनचा बाप छडी घेऊन येतो, मांजरीला पिटाळतो, मुलाचे कान धरून बाहेर ओढतो व त्यास फटके मारतो.

एथवर छडीचे भक्त संतुष्ट होतील. परंतु पुढचे वाक्य वाचा. पोरास मारून झाल्यावर तो बाप काय करितो? चोरीच्या कांद्यांचा तो रुमाल उचलून ऐटीत घरी निघतो! आणि ते कांदे, खेद वाटतो, पण आमची ती भली सशीणही माळ करून स्वयंपाकघरात टांगते. बाईंनी हे हसत लिहिले आहे, मुलेही हसतात. बंधूंनो, आमच्या पोरांस आमची छडी फार दिवस आठवत नाही. घरात कांदे टांगलेले असतात ते त्यांस रोज दिसतात. बाप तराजूत हात मारितो व मुलास एक पेन्सिल चोरल्याबद्दल मारितो. उपदेशक मंडळीपुढे सत्य बोला म्हणतो व घरी पैसे मागणारा आला म्हणजे पोरास सांगतो, "बाबा घरी नाहीत म्हण."

आता मला माझेच सांगितले पाहिजे, नाहीतर वरचे सर्व दुसऱ्यांसाठी लिहिले असे होईल. आमच्या मंडळीत एक विधवा बाई आहे. चार वर्षांपूर्वी तिच्या मुलाने घरावर पत्रे घालण्यासाठी साठविलेले पैसे उचलले व तो निघून गेला. दोन वर्षांनी, पावसाळ्यात, एका रविवारी उपासना चालू असता तो आला व बाहेर ओट्यावर बसला. पायांत काही नव्हते. त्याच्या आईने आतून पाहिले व ती उठू लागली. उपासना संपेपर्यंत बसा, अशी मी तिला हाताने खूण केली. मग बाहेर येऊन मी त्या मुलास पहिला प्रश्न विचारला तो हा : पैसे कोठे आहेत? त्याने मान खाली घातली. सभेपुढे उभे राहून सर्व सांगावे लागेल, मग आत बसता येईल, असे मी म्हणालो. दोघा वडिलांनी माझ्या बोलण्यास दुजोरा दिला. मी बोलत होतो ते नियमास धरून होते. तो बरे म्हणाला, आईच्या पाया पडला, आणि संध्याकाळच्या मोटारीने निघून गेला. त्या रात्री त्यास ताप होता, असे त्याची आई मला नंतर म्हणाली. मी त्याच्या कपाळास हात लावून पाहिले नव्हते.

सशिणीच्या मनातही कोटाचा विचार आला होता. पण दारात तिने तो विचारला नाही. पैशाचा प्रश्न विचारू नये असे मी म्हणत नाही. झक्कय प्रभूस घरी घेऊन आला, तेव्हा परतफेडीची गोष्ट त्याने आपणहून काढिली. मी ती ओट्यावर, पावसात, उपाशी माणसापाशी काढिली.

ही गोष्ट मी गेल्या रविवारी मंडळीपुढे उभा राहून सांगितली, आणि जी शिक्षा मी त्या मुलास सांगत होतो ती अगोदर स्वतः घेतली. ते दोघे वडील नंतर माझ्याकडे आले. एकाने सांगितले की, तो मुलगा तालुक्याच्या पलीकडे एका वीटभट्टीवर आहे असे त्याच्या कानावर आले आहे. दुसरा म्हणाला, भाड्याचे मी देतो. येत्या सोमवारी मी व त्याची आई तिकडे जाणार आहो. ती कालपासून भाकरीचे पीठ बाजूला काढून ठेवीत आहे. आम्ही जाऊन येईपर्यंत आपण आपापल्या मंडळीत व घरी आमच्यासाठी प्रार्थना करावी. आणि शाब्बाथ शाळेतील त्या मुलीस तिच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यावयाचे राहिले आहे, ह्याचीही आठवण ठेवावी.